दोन्हीकडे काही नाही

सांगलीत विश्रामबागेतल्या एका कॉलेजात मी प्राणीशास्त्र शिकवते. बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला गर्भविकासाचं प्रकरण असतं, ते मी लागल्यापासून माझ्याचकडे आहे. आपण सगळे एकाच पेशीपासून होतो. प्रत्येक पेशीत जनुकं तीच. मग एक पेशी डोळ्याची आणि दुसरी काळजाची कशी होते, इथं मुलं अडखळतात. मी त्यांना सांगते, काही जनुकं स्वतः काहीच बांधत नाहीत. त्यांच्यापासून तयार होणारी प्रथिनं डीएनएवर ठरावीक जागी जाऊन बसतात आणि दुसऱ्या जनुकांना चालू करतात, बंद करतात. माझ्या वर्गातली निम्मी मुलं शेतकऱ्यांची, म्हणून मी पाटकऱ्याचं उदाहरण देते. कालव्याचं पाणी सगळ्यांना एकच, पण कुठलं दार कधी उघडायचं ते पाटकरी ठरवतो. तो स्वतः ऊस लावत नाही. पण तो पाळीला आला नाही तर ऊस वाळतो.

असं एक नियंत्रक जनुक आहे, पॅक्स-थ्री. गर्भ मुगाएवढाही नसतो, तेव्हा त्याच्या पाठीवर एक नळी मिटत असते. त्या नळीच्या कडेवरून काही पेशी निघतात आणि शरीरभर चालत जातात. केसांना आणि डोळ्यांना रंग देणाऱ्या त्याच, आतल्या कानाला लागणाऱ्याही त्यातल्याच. त्यांना वाटेला लावायचं काम पॅक्स-थ्रीचं. आपल्याकडे त्याच्या दोन प्रती असतात, एक आईची, एक बापाची. एक बिघडली की काम निम्म्यावर येतं. मग पेशी काही ठिकाणी पोचतात, काही ठिकाणी पोचत नाहीत. कपाळावरची एक बट जन्मापासून पांढरी राहते, किंवा डोळे निळे होतात, डोळ्यांचे आतले कोपरे एकमेकांपासून लांब असतात, आणि काहींना जन्मतः ऐकू येत नाही. एकाच घरात एकाला नुसती बट असते आणि दुसऱ्याला नुसतं ऐकू येत नाही.

हे मी दरवर्षी फळ्यावर चित्र काढून शिकवत होते. परीक्षेत चार मार्कांना येतं. हे सगळं मला येत होतं, म्हणून तर ही गोष्ट सांगायला मला इतकी वर्षं लाज वाटली.

माझं माहेर रहिमतपूरचं. आप्पांचं बी-बियाण्यांचं दुकान आहे. मी पाचवीत असताना आई गेली, तेव्हापासून आप्पांनीच मला आणि धाकट्या बहिणीला वाढवलं. मी शिकावं म्हणून ते भावकीशी भांडले. मला पहिली पाळी आली तेव्हा दुकान बंद करून शेजारच्या काकूंना बोलवायला धावत गेलेला बाप आहे तो. आमच्यात काही लपवायचं नाही, असं ते नेहमी म्हणत. मी त्यावर डोळे मिटून विश्वास ठेवला.

एकोणतिसाव्या वर्षी माझं लग्न ठरलं. तोवर तीन स्थळं येऊन मोडली होती. हा मुलगा कुपवाडला एका कारखान्यात इंजिनिअर, मूळ घर मिरजेच्या पूर्वेला कर्नाटकच्या हद्दीजवळच्या गावात, द्राक्षाची बाग, घरात आई आणि तो. आमच्यासारखेच जैन, दिवस मावळायच्या आत जेवणारे. आप्पा दोनदा त्यांच्या घरी जाऊन आले आणि म्हणाले, "माणसं सरळ हायत. पोरगा तर सोनं हाय." मला तो आवडला. शांत बोलायचा. डोळे एकमेकांपासून जरा लांब होते, त्यामुळं चेहरा मोकळा वाटायचा. तो केसांना डाय लावायचा, ते मला लग्नानंतर पहिल्याच महिन्यात कळलं. "पंचविशीतच पिकले, कारखान्यातलं टेन्शन," तो म्हणाला. माझ्या डिपार्टमेंटमधले दोघे तिशीतच डाय लावत होते. मी पुढं काही विचारलं नाही.

हळदीच्या दिवशी एक बाई माझ्याजवळ आली. चाळिशीची असेल. पदर कपाळावर ओढलेला, एक डोळा आपल्यासारखा काळाभोर आणि दुसरा स्वच्छ निळा. तिनं माझे दोन्ही हात धरले, माझ्या बांगड्यांवरून बोट फिरवलं आणि माझ्या तोंडाकडं बघत राहिली. मी नाव विचारलं, ती काही बोलली नाही. तेवढ्यात माझ्या सासूबाई, घरात त्यांना सगळे अक्का म्हणतात, पुढं आल्या आणि तिला दंडाला धरून आत घेऊन गेल्या. "लांबच्या नात्यातली हाय गं. डोक्यानं जरा कमी हाय. तू मनावर घिऊ नगो." मी मनावर घेतलं नाही. घाई होती, गर्दी होती, अंगाला हळद होती.

दुसऱ्या वर्षी मला दिवस गेले. सांगलीत पहिल्या तपासणीला आम्ही दोघं गेलो. डॉक्टर फॉर्म भरत होत्या. खाली मान घालूनच त्यांनी विचारलं, "दोन्ही घरांत कुणाला जन्मतः काही? बहिरेपण, दृष्टीचं, हृदयाचं काही?"

"दोन्हीकडे काही नाही," मी म्हणाले. अगदी शिक्षिकेच्या खणखणीत आवाजात म्हणाले. नवरा शेजारच्या खुर्चीवर होता. भिंतीवर गुबगुबीत बाळाचं कॅलेंडर होतं, तो त्याच्याकडं बघत होता.

बाळंतपण माहेरचं, साताऱ्याच्या दवाखान्यात झालं. मुलगी झाली. दोनेक आठवड्यांत तिनं नीट डोळे उघडले तर दोन्ही निळे, उन्हात धरलं की आकाशाच्या रंगाचे. गल्लीतल्या बायका बघायला यायच्या. "आवं, ही तर मडमीण हाय!" म्हणायच्या आणि दृष्ट काढून जायच्या. मला अभिमान वाटायचा. दवाखान्यातून सोडताना दिलेल्या कार्डावर लिहिलं होतं, सहा आठवड्यांनी कानांची तपासणी. मी आप्पांना म्हणाले, साताऱ्याला जाऊन येऊ. आप्पा बाळाला मांडीवर घेऊन बसले होते. "एवढ्याशा जिवाच्या डोक्याला वायरी लावायच्या? ऱ्हाऊ दे. सांगलीला गेल्यावर बघा." फोनवर नवऱ्यानंही तेच सांगितलं. मी दमलेली होते, रात्र रात्र झोप नव्हती, आणि माझ्या आयुष्यातली दोन माणसं एकच गोष्ट सांगत होती.

ती सात महिन्यांची असताना दिवाळी आली. संध्याकाळी ती अंगणात वाटी-चमचा घेऊन बसली होती. शेजारच्यांनी आमच्या फाटकाला लागून लवंगी माळ लावली. मी दचकून उठले. माझी मुलगी वाटीतच बघत राहिली. तिची पापणीसुद्धा हलली नाही. मी आतून स्टीलचं ताट आणलं, तिच्या पाठीमागं उभं राहून त्यावर पळी आपटली. मग परत आपटली. तिनं मागं वळून बघितलं नाही.

त्यानंतर चार महिने आमच्या घरात रोज तोच वाद. मी म्हणायची, तपासू. तो म्हणायचा, तिचं खेळात लक्ष असतं. अक्का गावाहून आल्या की म्हणायच्या, "आमच्यात पोरं उशिराच बोलत्यात. तुजा नवरा तीन वर्साचा हुईस्तोवर बोलला न्हाई." शेवटी मी कॉलेजातून रजा काढली आणि मिरजेच्या एका दवाखान्यात वेळ घेतली. तो येतो म्हणाला, आला.

बाळाला झोपेचं औषध पाजलं. कपाळाला आणि कानांमागं वायरी चिकटवल्या. मशीनवर ओळी सरकत होत्या. ऐकू येणाऱ्या कानाच्या ओळीला चढउतार असतात. माझ्या मुलीच्या ओळी शेवटपर्यंत जवळजवळ सपाट गेल्या. कानाच्या डॉक्टर माझ्याच वयाच्या होत्या. त्यांनी कागद बघितला, बाळाची पापणी अलगद उचलून डोळा बघितला, मग माझ्या नवऱ्याच्या चेहऱ्याकडं बघितलं. नुसतं बघितलं नाही, मोजपट्टी काढून त्याच्या दोन डोळ्यांमधलं अंतर मोजलं.

"तुमच्या घरात कुणाच्या केसांत पांढरी बट आहे का? जन्मापासून?"

"नाही," तो म्हणाला.

"कुणी मूकबधिर?"

"नाही, मॅडम."

माझ्या मांडीवर मुलगी झोपली होती. डॉक्टरांचे प्रश्न संपायच्या आत मला उत्तर कळलं होतं. निळे डोळे, लांबलेले कोपरे, डाय, हळदीच्या दिवशीची ती बाई. मीच फळ्यावर काढलेलं चित्र, आणि मी तीन वर्षं त्याच्या शेजारी झोपत होते. बाळाचं आणि आम्हा दोघांचं रक्त घेतलं, ते तपासणीला जाणार होतं. त्यातून काय निघणार ते मी तिथंच लिहून दिलं असतं.

खाली गाडीत बसलो. त्यानं किल्ली घातली.

"तुमचे केस कधी पिकले?" मी विचारलं.

"सांगितलंय ना तुला. पंचविशीत."

"सगळे पिकले, का एकच बट?"

त्यानं किल्ली फिरवली नाही. हात मागं घेत म्हणाला, "जन्मापासून आहे. इथं, पुढंच. शाळेत पोरं पांढऱ्या म्हणायची. दहावीपासून डाय लावतोय."

"आणि ती हळदीच्या दिवशीची बाई?"

"माझी बहीण. सख्खी. तिला जन्मापासून ऐकू येत नाही. मामाकडं असते."

मी त्याला तोवर अहो-जाहो करत होते. त्या क्षणी ते आपोआप सुटलं. "तू मला फसवलंस," मी म्हणाले.

तो माझ्याकडं वळला. त्याला खरंच आश्चर्य वाटल्यासारखं दिसलं. "आप्पांना सगळं सांगितलं होतं. माझ्यासमोर सांगितलं अक्कानं. बहिणीला त्यांच्यापुढं आणून उभी केली होती. मी डोकं धुऊन त्यांना बट दाखवली. ते म्हणाले, मी पोरीच्या कानावर घालतो. नंतर होकार आला. मला वाटलं, तुला सगळं माहीत असून तू हो म्हणालीस. डायचं लोकांना सांगतो तेच सवयीनं तुला सांगितलं, तू पुढं विचारलं नाहीस, तेव्हा तर खात्रीच झाली. लय मोठ्या मनाची आहे असं वाटायचं मला."

"मग मला माहीत नाही, हे तुला कधी कळलं?"

तो स्टिअरिंगकडं बघत म्हणाला, "पहिल्या तपासणीला. तू म्हणालीस, दोन्हीकडे काही नाही."

"आणि तू गप्प बसलास."

"तेव्हा दिवस गेलेच होते. सांगून काय होणार होतं?"

"सहाव्या आठवड्यात कान तपासले असते," मी म्हणाले. "अकराव्या महिन्यात नाही. एवढं झालं असतं."

बाळाला मशीन लवकर लागलं की भाषा लवकर येते, हे डॉक्टरांनी वर आम्हाला दहा मिनिटांपूर्वी सांगितलं होतं. त्यानं ते माझ्याबरोबरच ऐकलं होतं.

त्याच आठवड्यात मुलीला घेऊन मी रेल्वेनं रहिमतपूरला गेले. आप्पा दुकानात होते, एक गिऱ्हाईक कांद्याचं बी घेत होतं. माझं तोंड बघून आप्पांनी त्याला लगेच वाटेला लावलं.

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हणाले.

त्यांनी नाटक केलं नाही, तेवढं त्यांच्या बाजूनं म्हणायला हवं. "व्हय. सांगितलं हुतं त्यांनी."

"मला का नाही सांगितलं?"

"मी साताऱ्यात एका डॉक्टरला इचारलं. त्यो म्हणाला, हुईलच असं न्हाई."

"डॉक्टरला विचारलंत. घरात एक मुलगी हाच विषय शिकवते, तिला विचारलं नाही."

"तुला इचारलं असतं तर तू पुस्तक उघडून बसली असतीस. नको म्हणाली असतीस."

"कदाचित."

"मग?" आप्पा म्हणाले.

त्या एका शब्दात त्यांचं सगळं म्हणणं आलं. माझं वय, मोडलेली तीन स्थळं, धाकटीचं रखडलेलं लग्न, चांगला मुलगा. त्यांना ते पुरेसं वाटत होतं. मी नको म्हणाले असते का, ते मला आजही सांगता येत नाही. तो मला आवडला होता. कदाचित सगळं कळूनही मी हो म्हणाले असते, आणि मग पहिल्या दिवसापासून डोळे उघडे ठेवून आई झाले असते. पण तो विचार माझा होता. तो माझ्याऐवजी आप्पांनी दुकानात बसून करून टाकला.

"आणि कानांची तपासणी?" मी विचारलं. "तुम्हाला सगळं ठाऊक असताना तुम्हीच ऱ्हाऊ दे म्हणालात."

आप्पांनी मुलीकडं बघितलं. ती पोत्याच्या दोऱ्याशी खेळत होती. "भ्या वाटलं मला," ते म्हणाले.

"कशाचं?"

"तू माज्याकडं अशी बगशील, त्याचं."

मी संध्याकाळच्या गाडीनं परत आले. जेवून जा म्हणाले, थांबले नाही.

पुढं रिपोर्ट आला. माझं जनुक ठीक होतं. बाप आणि मुलगी, दोघांच्या पॅक्स-थ्रीच्या एका प्रतीत एकाच जागी एक अक्षर बदललेलं होतं. यात त्याचा काही दोष नाही, हे मला माझ्या विषयानं शिकवलंय आणि मी ते कधी विसरत नाही. बट त्याला मिळाली, बहिणीला कान मिळाले नाहीत, उलटंही झालं असतं. मी त्याच्यावर रागावले ते गप्प बसण्यासाठी. लोकांना हा फरक सांगून कळत नाही. "एवढ्यासाठी वेगळं राहायचं?" असं माझ्या बहिणीनं मला विचारलं. तिचं लग्न माझ्यानंतर वर्षभरात झालं होतं.

मुलीच्या कानांना बाहेरून ऐकण्याची यंत्रं लागल्यावर मी अक्कांना म्हणाले, मला नणंदेला भेटायचंय. अक्का द्राक्षाच्या बागेच्या बांधावर बसल्या होत्या. म्हणाल्या, "आता कशाला? हळदीला तू तिचं नाव इचारलंस तवाच कळलं मला, तुला कुणी सांगितलंच न्हाई. तवा सांगितलं असतं तर तू ह्या घरात आली असतीस व्हय?" मी म्हणाले, "आवं अक्का, पण ती डोक्यानं कमी आहे असं कशाला सांगितलंत?" त्या पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "येड्या पोरीला इचारत न्हाई कोण. भैऱ्या पोरीच्या भावाला समदी इचारत्यात, तुजी पोरं बी अशीच हुतील का?"

मामांच्या गावाला मी मुलीला घेऊन एकटीच गेले. माझी नणंद गोठ्यात धार काढत होती. आठ गाई ती एकटी सांभाळते, कुठली कधी व्याली, कुठलीला कुठली पेंड चालत नाही, सगळं तिच्या डोक्यात. तिनं मला लगेच ओळखलं. मनगटावर बोट गोल फिरवलं, म्हणजे बांगड्या, म्हणजे ती हळदीची नवरी. मग तिची नजर मुलीच्या कानांवर गेली. यंत्राला तिनं हळूच हात लावला. मुलीचे डोळे बघितले. मग स्वतःच्या कानाला हात लावून मुलीकडं बोट केलं आणि भुवया उंचावल्या. मी मान हलवली. हो.

भावाला मुलगी झाल्याचं तिला माहीत होतं. मुलगी तिच्यासारखी आहे, हे वर्ष उलटून गेलं तरी तिला कुणी कळवलं नव्हतं. तिनं आईच्या गावाच्या दिशेला हात केला, मग आपली मूठ स्वतःच्या छातीवर आपटली, आणि माझ्याकडं बोट करून परत भुवया उंचावल्या. मला तिच्या खुणा येत नव्हत्या, पण हे समजलं. ती विचारत होती, तुला तरी सांगितलं होतं का? मी नाही म्हटलं. तिनं दुधाची बादली बाजूला ठेवली आणि माझ्या मुलीला उचलून घेतलं. त्या दिवशी निघेपर्यंत तिनं तिला खाली ठेवलं नाही. पाणी, गाय, ये, नको, एवढ्या चार खुणा माझी मुलगी आत्याकडून त्या एका दुपारी शिकली. तिच्या आयुष्यातले ते पहिले शब्द.

आता ती सहा वर्षांची आहे. दीड वर्षाची असताना एका कानात ऑपरेशन करून आतलं यंत्र, कॉक्लिअर इम्प्लांट, बसवलं. ती बोलते. स आणि श तिला अजून सारखेच येतात. साध्या शाळेत जाते, पहिल्या बाकावर बसते. सुट्टीत महिनाभर आत्याकडं राहते आणि दोघी माझ्यापेक्षा जास्त गप्पा मारतात. मी कॉलेजजवळ दोन खोल्या घेऊन तिच्यासोबत राहते. रोज सकाळी तिचे वडील येतात आणि तिला बोलण्याच्या सरावाला घेऊन जातात. एक दिवस चुकत नाहीत. बाप म्हणून चांगला आहे तो. दोनदा मला म्हणाला, परत चल. मी विचार करते म्हणाले, आणि खरंच करते. पण एखादा साधा प्रश्न विचारला की तो उत्तर द्यायला जो क्षणभर वेळ घेतो, त्या क्षणात मी त्याचं येणारं उत्तर आधीच तपासायला लागते.

मुलीला मी तिच्या वयाला झेपेल असं सगळं सांगितलंय. आत्याचं, बाबांचं, तिचं. तिला पुढं मुलं झाली तर काय होऊ शकतं, तेही वेळ आली की मीच सांगणार. रिपोर्ट तिच्या फायलीत वरच ठेवलाय.

मागच्या महिन्यात आप्पा अचानक आले. थकलेत. सीताफळं घेऊन आले होते. खुर्चीवर बसले, नातीला जवळ बोलावलं आणि खाली मान घालून पुटपुटत काहीतरी बोलायला लागले. मी आत चहा ठेवत होते, मलाही कळलं नाही. मुलीनं त्यांची हनुवटी दोन्ही हातांनी धरून वर केली.

"आजोबा, माझ्याकडं तोंड करून बोला. मला कळत नाही."

आप्पा पुन्हा पहिल्यापासून बोलायला लागले, सावकाश, एकेक शब्द. "तुजं कान तपासायचं ऱ्हाऊ दे, असं मीच म्हणलो हुतो." चहा उतू जाईपर्यंत मी ओट्याजवळ उभी होते. बाहेर गेले नाही.